अकरा नंबरचा टिपकागद

इरा आणि निहार, मागच्या महिन्यात तुमच्या बाबानं मला फोनवर विचारलं, "आई, पनवेलचं घर विकायला काढण्याआधी रंग का नाही लावून घेतलास?" त्याचं गणित चुकीचं नव्हतं. जुन्या घराला रंग दिला, फरशी बदलली, नळ बदलले, की झालेल्या खर्चाच्या कितीतरी पट किंमत वाढवून मागता येते, हे आता सगळेच सांगतात. मी "बघू" म्हणाले आणि तुमच्या शाळेची चौकशी केली. ती गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. तिला एक म्हातारी बाई लागते, एक मिस्त्री लागतो, पातेल्यात सतत ढवळावा लागणारा हलवा लागतो, आणि एकोणीस वर्षांची एक मुलगी लागते, जिला आपण फार नीटनेटक्या आणि खऱ्या आहोत असं वाटत होतं.

ती मुलगी मी. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, सरकारी गोदामात हेडक्लार्क होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. मूळचे वाईकडचे, बदलीवर पनवेलला आले आणि राहिले. अप्पांचा कशावरच विश्वास नसे. भाजीवाल्याचा काटा ते आधी रिकामा बघायचे. आलेल्या पाकिटाचा डिंक कोणी ओला करून उघडलाय का, हे खिडकीपाशी उजेडात धरून तपासायचे. मला कॉलेजात चांगले गुण मिळाले तर "पेपर सोपा काढला असेल" म्हणायचे. पण ते जन्मापासून असे नव्हते, असं आई सांगायची. कळंबोलीच्या बाजूला लोखंडाचा बाजार उभा राहत होता, ट्रकांची रांग वाढत होती, तेव्हा एका बिल्डरनं त्यांना एक रंगीत चित्र दाखवलं होतं. चित्रात चार मजली इमारत, पुढे गुलमोहराची झाडं, झाडाखाली छत्री घेतलेली एक बाई. अप्पांनी बुकिंगचे पैसे भरले. वर्षभर दर रविवारी आम्ही ती जागा बघायला जायचो. आधी तिथे एक पाटी होती. मग पाटी नव्हती. अप्पांनी ते चित्र फाडलं नाही, घडी करून ट्रंकेत ठेवलं, आणि त्यानंतर त्यांनी माणसांकडे बघायची पद्धतच बदलली.

आम्ही क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रा, पलीकडे हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. अप्पा दिवाळीनंतर निवृत्त होणार होते आणि त्यानंतर क्वार्टर सोडावी लागणार होती. घरासाठी म्हणून प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम निवृत्तीआधीच हातात येणार होती, आयुष्यात एकदाच येणारी. ती दुसऱ्यांदा एखाद्या छत्रीवाल्या बाईच्या चित्रात गेली असती, तर आम्हाला जायला जागा नव्हती. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण आई भात वाढतानाही तोच विचार करत असायची, हे मला तिच्या हातावरून कळायचं. भात सांडायचा.

अप्पांच्या ऑफिसातल्या शिपायानं फ्लोराबाईंच्या घराची बातमी आणली. तळ्याच्या मागच्या बाजूच्या गल्लीत बैठं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. फ्लोराबाई निवृत्त नर्स होत्या. आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. पनवेलमध्ये त्यांची बरीच घरं होती, तेव्हा एकेक करून रिकामी होत होती. त्यांचा मुलगा इस्राएलला स्थायिक झाला होता आणि आता त्याही निघाल्या होत्या. घराचे पैसे इथेच पोस्टात ठेवून त्याच्या व्याजावर त्यांच्या ठाण्याच्या नणंदेचं भागणार होतं, कारण नणंद जायला तयार नव्हती. हे सगळं शिपायानं सांगितलं आणि अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "तुला हे इतकं कसं माहीत?"

पहिल्यांदा गेलो तेव्हा दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. आम्ही तिघंही त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "या. आधी मला नमस्कार करा, मग भिंतींना करा." आई ओशाळली. अप्पा नाही. किंमत त्यांनी एक लाख साठ हजार सांगितली. परत येताना रिक्षा स्टँडपर्यंत अप्पा म्हणत होते, "इतकी कमी का सांगितली? काहीतरी आहे." आणि रिक्षातून उतरल्यावर म्हणाले, "जुन्या घराला इतकी जास्त? चाल आहे."

"अहो, कमी आणि जास्त दोन्ही एकदम कशी असेल?" आई म्हणाली.

"तीच तर चाल आहे."

मग शनिवारची गंमत झाली. अप्पांना शनिवारी अर्धी सुट्टी असे. त्यांनी निरोप पाठवला, शनिवारी दुपारी मिस्त्रीला घेऊन येतो. उलट निरोप आला, शनिवार सोडून कधीही या. अप्पांच्या कपाळावर आठी चढली. शनिवारी काय असतं? दुसरं गिऱ्हाईक येतं? शनिवारी त्या भागात पाणी जास्त सुटतं आणि गटार वर येतं? त्यांनी खरोखर एका शनिवारी त्या गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. घराचं दार अर्धवट उघडं होतं, आत फ्लोराबाई खुर्चीत बसून पुस्तक वाचत होत्या, बाकी काहीच नव्हतं. शेवटी आईनं शेजारच्या बाईंना विचारून आणलं की त्यांच्यात शनिवारी कुठलाच व्यवहार करत नाहीत. अप्पा "असेल" म्हणाले, पण पटलेलं दिसत नव्हतं.

आम्ही गेलो ते भर पावसात. अप्पांनी मुद्दाम श्रावण निवडला. "उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात," ते म्हणाले. बरोबर बाळाराम मिस्त्री होता, शिरढोणकडचा, पनवेलच्या निम्म्या घरांना हात लावलेला. आणि माझ्या हातात गुलाबी टिपकागदांचा गठ्ठा होता. ही अप्पांची स्वतःची युक्ती. शाई टिपायचा कागद भिंतीवर तळव्यानं दाबून धरायचा आणि मनात शंभर म्हणायचं. भिंतीत ओल असेल तर कागद गडद होतो. कागद ऑफिसातले नव्हते, दुकानातून विकत आणलेले होते. अप्पा संशयी होते, पण ऑफिसातली टाचणीही घरी आणत नसत. प्रत्येक कागदाच्या मागे मी पेन्सिलीनं नंबर घातला होता आणि वहीत घराचा नकाशा काढून तेच नंबर भिंतींवर टाकले होते. मला ते काम मनापासून आवडलं होतं, हे कबूल करते.

बाळाराम रुपयाच्या नाण्यानं भिंती वाजवत पुढे, मी कागद दाबत मागे. फ्लोराबाई पडवीत बसून आम्हाला बघत होत्या. डॉक्टरांचा राउंड चालू असताना नर्स बघते तसं. आतल्या खोलीत एका भिंतीला लागून मोठं शिसवी कपाट होतं, जवळजवळ छताला भिडलेलं. अप्पा थांबले.

"बाई, हे जरा सरकवता येईल?"

फ्लोराबाई दारापर्यंत आल्या. "त्यात साहेबांची पुस्तकं आहेत. प्रार्थनेची. ती खाली जमिनीवर ठेवायची नसतात." साहेब म्हणजे त्यांचे वारलेले यजमान.

धर्माचा विषय आला की अप्पा मागे सरत. तरी ते कपाटाच्या कडेला डोकावत होते, आणि अजून एक मिनिट तिथे उभे राहिले असते तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं. पण तेवढ्यात पुढच्या खोलीतून बाळाराम ओरडला, "सायेब, इकरं या! सापरला."

दारातून आत आलं की समोर जी भिंत दिसते, त्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीवर, एक हात लांब आणि एक हात रुंद असा चौकोन उघडा होता. ना गिलावा, ना चुना. आतल्या विटा दिसत होत्या. पहिल्या भेटीत तिथे कॅलेंडर होतं, म्हणून आम्हाला दिसला नव्हता. बाळारामानं कॅलेंडर उचललं होतं.

"या भितीत पानी हाय," तो म्हणाला. "गिलावा पकरत नाय, तवा सोरून दिला न वर क्यालेंडर लावला. ही भित कमरेपासून उतरायला लागंल सायेब. आमी सांगतो ना."

अप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर राग नव्हता, समाधान होतं. इतके दिवस जे कुठेतरी आहे असं वाटत होतं, ते सापडलं होतं. त्यांनी फ्लोराबाईंना बोलावलं. "बाई, हे काय आहे?"

"ते तसंच आहे. पहिल्यापासून."

"गिलावा का नाही केला?"

"करायचा नव्हता."

"आणि वर कॅलेंडर?"

"भिंतीवर कॅलेंडर लावतात," फ्लोराबाई म्हणाल्या.

तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर अप्पांची मान थोडी थोडी हलत गेली. कपाटाचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही. आमच्या सगळ्यांचा संशय त्या हातभर चौकोनात जाऊन बसला होता. एकदा त्याला अशी जागा मिळाली की तो बाकीचं घर मोकळं सोडतो, हे मी पुढे आयुष्यात पुष्कळ वेळा बघितलं, स्वतःतही.

मी त्या विटांवर अकरा नंबरचा कागद दाबला आणि शंभर म्हटलं. बाहेर पागोळ्यांचा आवाज इतका होता की आकडे चुकत होते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. कागद काढला. तो कोरडा होता. कागदाच्या गठ्ठ्यातून नुकताच काढावा तसा गुलाबी आणि कोरडा. आणखी एक गोष्ट मला दिसली. ओलीमुळे पडलेला गिलावा नकाशातल्या बेटासारखा वेडावाकडा पडतो. या चौकोनाच्या चारही कडा फूटपट्टीनं आखल्यासारख्या होत्या. कोणीतरी त्या मुद्दाम, काळजीनं घडवल्या होत्या. अप्पा बाळारामाशी भिंत उतरवायच्या खर्चाचं बोलत होते. मागे न बघताच त्यांनी विचारलं, "ओला ना गं?"

मी म्हटलं, "हं."

का म्हटलं, याचं उत्तर मी अनेक प्रकारे देऊन बघितलं आहे. अप्पा पहिल्यांदाच खूश दिसत होते. बाळाराम चाळीस वर्षं भिंती बघत होता आणि माझ्याकडे नुसता एक टिपकागद होता. भिंतीचा खर्च आठ हजार निघाला होता, आणि तेवढी किंमत उतरली की घर आमच्या आवाक्यात येत होतं. सगळी कारणं खरी आहेत. पण कागदही खराच होता आणि तो मी वहीत घालून ठेवला.

घरातल्या दोषांची यादी मी टायपिंग क्लासच्या मशीनवर टाईप केली. "इंग्रजीत कर," अप्पा म्हणाले. "मराठीत लिहिलं की भांडण वाटतं, इंग्रजीत लिहिलं की कायदा वाटतो." चौदा कलमं, प्रत्येकापुढे दोष, दुरुस्ती आणि अंदाजे खर्च. चौकोनाचं कलमही नेमकं अकरावंच आलं. ते लिहिताना मी "ओल आढळली" असं लिहिलं. "मिस्त्रीच्या मते" एवढे दोन शब्द घातले असते तरी मी सुटले असते. जागाही होती. एकूण वीस हजार वजा करून एक लाख चाळीसचा आकडा खाली आला आणि अप्पांनी मला ती यादी घेऊन एकटीलाच पाठवलं. तरुण मुलीसमोर बाई घासाघीस करणार नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा.

फ्लोराबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या नव्या वर्षाचा सण आला होता आणि त्या चिकाचा हलवा करत होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, खाली बसलेला दाट चीक. त्यात नारळाचं दूध आणि साखर. जाड बुडाच्या पातेल्यात ते मिश्रण रटरटत होतं आणि सगळ्या घराला वेलचीचा वास येत होता. "हात धू आणि हे धर," म्हणत त्यांनी माझ्या हातात लाकडी उलथणं दिलं. "थांबायचं नाही. मी वाचते."

चष्मा लावून, खिडकीपाशी उभ्या राहून त्या मोठ्यानं मराठी करत वाचू लागल्या. "कौलं फुटलेली. बरोबर. मोरीचा उतार उलटा. अगदी बरोबर. ज्या दिवशी मोरी बांधली, त्या दिवशी सासरे आणि गवंडी भांडले होते. मागच्या दाराला वाळवी. हो. प्लास्टरला ठिकठिकाणी तडे. आयुष्यभर लोकांच्या हाडांना प्लास्टर घातलं, घराचं राहूनच गेलं बघ." त्या हसल्या. मीही हसले. मग त्या अकरावर आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला.

"पोरी, त्या चौकोनावर तू कागद लावला होतास ना? मी बघत होते. दोनदा मोजलंस. काय सांगितलं तुझ्या कागदानं?"

माझं उलथणं थांबलं.

"ओला होता," मी म्हटलं.

"हात थांबवू नको, खाली लागेल," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "बरं. मग तसंच." त्यांनी घड्याळाकडे बघावं तसं एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, यादीखाली "मान्य" लिहिलं आणि सही केली. निघताना केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून हलव्याच्या वड्या दिल्या. त्या वड्या मी रस्त्यात टाकून द्यायचं ठरवलं होतं, पण टाकवल्या नाहीत. घरी आईनं खाल्ल्या आणि अप्पांनी विचारलं, "हलवा कशासाठी?"

यानंतरचे दिवस चांगले गेले असायला हवे होते. वकिलानं कागद तयार केले, खरेदीखताचा दिवस ठरला. आई खिडक्यांच्या पडद्यांचं माप विचारू लागली. अप्पांना मात्र नवाच घोर लागला. "लगेच मान्य का केलं? एक शब्द न बोलता? आपण कमी तर नाही ना कापले?" मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि वहीतला तो गुलाबी चौकोन मला पुस्तकातून दिसायचा. तुमच्या वयाची असते तर रडून सांगून टाकलं असतं. एकोणिसाव्या वर्षी माणूस स्वतःचा वकील होतो, आणि मी फार हुशार वकील होते. व्यवहार आहे, त्यांनी मान्य केलं, त्यांनी विचारलंच का, त्यांनाही काही माहीत असणार. पण त्या ठाण्याच्या नणंदेला मी कधी पाहिलं नव्हतं आणि तरी ती रोज माझ्या डोळ्यासमोर येत होती, पोस्टाच्या खिडकीपाशी उभी.

खरेदीखताच्या आदल्या संध्याकाळी अप्पा चहा घेत होते. मी सगळे टिपकागद टेबलावर नंबरवार मांडले. कागद वाळले होते, पण ओलीचा डाग सुकला तरी कडेला रेघ राहते. ज्यांवर रेघ होती ते एका बाजूला ठेवले. अकरा नंबर एकटा दुसऱ्या बाजूला.

"यावर रेघ नाही," मी म्हटलं. "तेव्हाही नव्हती. मी खोटं बोलले."

अप्पांनी कागद उचलला, उजेडाकडे धरला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत, इतकी वर्षं जी नजर भाजीवाल्याला आणि पोस्टमनला मिळायची, ती पहिल्यांदा मला मिळाली. "हे तिनं शिकवलं तुला?"

"नाही."

"मग आजच कसं आठवलं? उद्या सही. हलवा कशासाठी दिला, ते आता कळलं."

"अहो," आई आतून म्हणाली, "हलवा मी खाल्ला. माझं मत काही बदललेलं नाही. ती खोटं बोलले म्हणतेय, त्यात तिचा काय फायदा?"

अप्पांनी कागद पुन्हा उजेडाकडे धरला. चहा तसाच निवला.

सकाळी, रजिस्ट्रारच्या ऑफिसात जायच्या आधी, आम्ही दोघं फ्लोराबाईंकडे गेलो. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. अप्पांनी माझे कागद घेतले नाहीत. रस्त्यात दुकान उघडायला लावून नवा गठ्ठा घेतला. फ्लोराबाईंनी दार उघडलं. अप्पांनी छत्री पडवीत ठेवली, नमस्कार केला, कॅलेंडर उचललं आणि विटांवर कागद दाबून धरला. मोठ्यानं शंभर म्हटलं. कागद निघाला तो कोरडा. अप्पांनी दुसरा लावला. तोही कोरडा.

"बाई," अप्पा म्हणाले, "मला खरं सांगा. हे काय आहे?"

त्यांनी सांगितलं. यरुशलेमचं देऊळ फार पूर्वी पाडलं गेलं, त्याची आठवण म्हणून घर बांधताना दारासमोर एवढी जागा अपुरी ठेवायची. घर कितीही चांगलं झालं तरी पुरं झालं म्हणायचं नाही. "आमच्यात सगळे करत नाहीत. माझे सासरे कोचीनला नोकरीला होते, तिथे शिकून आले. गवंड्याला वाटलं, म्हाताऱ्याकडचे पैसे संपले."

"मग आमची यादी आली तेव्हा का नाही बोललात? आठ हजार सोडलेत तुम्ही!"

"भाव चालू असताना सांगितलं असतं, तर ते भावाचं झालं असतं," फ्लोराबाई म्हणाल्या. "तुम्ही तरी मानलं असतं का?"

अप्पांना खोटं बोलता येत नसे. "नसतं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून यादी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि अकराव्या कलमावर आडवी रेघ मारली. ते आठ हजार कुठून आणायचे हे त्यांनाही माहीत नव्हतं, मला ते समोर दिसत होतं, आणि तरी रेघ सरळ आली. ते रकमेत दुरुस्ती करायला वाकले.

"थांबा," फ्लोराबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे. "जरा हात लावा. ते कपाट एकटीला सरकत नाही."

आधी त्यांनी पुस्तकं काढली. एकेक पुस्तक ओठांना लावून पलंगावर ठेवलं. मग आम्ही तिघांनी कपाट ओढलं. त्यामागची भिंत वरपासून खालपर्यंत काळीहिरवी झाली होती. गिलावा फुगून सुटला होता, बोट लावलं तर ढेकूळ हातात आलं आणि ओल्या मातीचा थंड वास खोलीभर पसरला. कोणाला टिपकागदाची आठवणही झाली नाही.

"ही पाच वर्षं अशी आहे," फ्लोराबाई म्हणाल्या. "तुम्ही कपाटापाशी उभे होतात तेव्हा मी देवाचं नाव घेत होते. आणि मिस्त्रीनं त्या चौकोनासाठी हाक मारली, तेव्हा मला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं! नंतर यादी वाचताना लाज वाटली. म्हटलं, चुकीच्या भिंतीचे का होईना, पैसे कापले गेले, फिटलं. पण फिटलं नव्हतं. सासऱ्यांनी आठवणीसाठी सोडलेल्या जागेमागे मी माझी ओल लपवली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरगीला विचारलं मी. ती खरं बोलली असती, तर मीही बोलले असते. ती नाही बोलली, मग मला सोपं झालं."

मग एक आवाज आला, तो मला ओळखूच आला नाही. अप्पा हसत होते. भिंतीला टेकून, ओल कोटाला लागतेय याची पर्वा न करता हसत होते. "लिही," ते मला म्हणाले. "अकरा नंबर. आतली खोली, कपाटामागची भिंत." बाळारामाला बोलावून विचारलं तर त्यानं या भिंतीचेही आठ हजारच सांगितले. म्हणजे इतकं सगळं होऊन घराच्या किमतीत एका रुपयाचाही फरक पडला नाही. तुमच्या बाबाला हे सांगितलं की तो म्हणेल, मग उपयोग काय झाला.

जाण्याआधी फ्लोराबाईंकडे मलिदा झाला. प्रवासाला निघताना त्यांच्यात करतात. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं. आई सोवळ्याओवळ्याची होती. ती पाच मिनिटं ताटाकडे बघत बसली, मग खाल्लं आणि कृती विचारून घेतली. बाळारामानं आतली भिंत दुरुस्त केली तेव्हा अप्पा दोन्ही दिवस रजा घेऊन त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते, सिमेंटच्या घमेल्यात डोकावत. ते काही बदलले नाहीत. फक्त एकच. दर दोन-तीन वर्षांनी रंगारी यायचा, दारासमोर थबकायचा आणि विचारायचा, "काका, एवढंच का सोडलंय?" अप्पा पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, "ते तसंच आहे. पहिल्यापासून."

तर आता मागचा महिना. घर बघायला एक तरुण जोडपं आलं. दोघंही डॉक्टर, पुढच्या खोलीत दवाखाना काढणार होते. त्याच्या हातात भिंतीतली ओल मोजायचं एक छोटं यंत्र होतं, तिच्या हातात यादी करायला फोन. आत आल्या आल्या दोघांचीही नजर समोरच्या चौकोनावर गेली, आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. "आजी, हे काय झालंय?" मुलीनं विचारलं. मी म्हटलं, ते तसंच आहे, त्याचं शेवटी सांगेन. मग त्यांना आत नेलं. माझ्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून माझं पुस्तकांचं कपाट आहे. दोन वर्षांपूर्वी नळ गळायला लागला, तेव्हापासून ते तिथेच आहे.

"जरा हात लावा," मी म्हटलं. "हे कपाट एकटीला सरकत नाही."